तापाच्या हंगामात खाट का मिळत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७३ वर्षांचे, आई-बाबा दोघंच ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतात, तुम्ही पुण्यात. गेल्या ऑक्टोबरात चौथ्या दिवशीही बाबांचा ताप उतरेना म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना इथल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. पाच तास व्हीलचेअरवर गेले. रात्री खाट मिळाली तीही अर्धी, कारण दुसरा रुग्ण आधीच तिच्यावर होता. तुम्ही विचारता: डेंग्यू दर वर्षी याच दिवसांत येतो, मग दर वर्षी अशी धावपळ का? खाटा वाढवून हे सुटेल का? आणि पुढच्या वेळी आम्ही काय करायचं?

मी इथल्या एका सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं मेडिसिन विभागात होते. शेवटची काही वर्षं खाटा, ड्युट्या आणि औषधांच्या साठ्याचा हिशोबही माझ्याकडे होता. तुमच्या बाबांसारखी माणसं कॉरिडॉरमध्ये ताटकळत बसलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मुलांना उत्तरंही दिली आहेत. तेव्हा वेळेअभावी जे नीट सांगता आलं नाही ते इथे सांगते. मला या कामातून कळलेली मुख्य गोष्ट एवढीच: कॅज्युअल्टीच्या दारात दिसणारी गर्दी बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर वॉर्डात तयार झालेली असते. आणि हंगामाचे निर्णय हंगामात घ्यायला बसलं की उशीर झालेला असतो.

आधी रांगेचं गणित सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. समजा ओपीडीत एक डॉक्टर आहे, एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटं लागतात आणि रुग्ण कधीही येतात. डॉक्टरचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर रांगेत सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के भरला की ५४ मिनिटं. ९५ टक्के भरला की ११४ मिनिटं, म्हणजे दोन तासांपेक्षा थोडंच कमी. जिथे पाच रुग्ण यायचे तिथे पुरते सहासुद्धा आलेले नाहीत, पण वाट जवळजवळ पाचपट झाली. हा अगदी साधा नमुना आहे, प्रत्यक्षात गुंता जास्त असतो. पण स्वभाव हाच. म्हणून ‘रुग्ण थोडे वाढले तर एवढा गोंधळ का’ याचं उत्तर दर वेळी निष्काळजीपणात सापडत नाही. वर्षभर काठोकाठ भरून चालणाऱ्या रुग्णालयात हंगामाला जागाच उरलेली नसते.

खाटांचा हिशोब वेगळा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे आणि तो कुठल्याही सिस्टरला तोंडी करता येईल इतका सोपा आहे: रोज किती भरती होतात गुणिले सरासरी किती दिवस राहतात, तेवढ्या खाटा लागतात. रोज ६० भरती आणि मुक्काम ४ दिवसांचा, तर २४० खाटा. मुक्काम पाच दिवसांवर गेला की ३००. साडेतीनवर आणला की २१०. म्हणजे अर्धा दिवस वाचवला तर तीस खाटा हाती येतात, आणि त्यासाठी एक वीटही रचावी लागत नाही. इथल्या जयारोग्य रुग्णालयाच्या आवारात हजार खाटांची नवी इमारत उभी राहिली याचा मला मनापासून आनंद आहे, तिची गरज होतीच. पण मुक्कामाचा तास न् तास मोजला नाही तर कितीही खाटा भरून जातात.

हा अर्धा दिवस जातो कुठे? भिंडकडच्या एका शेतकऱ्याचा एक दिवस सांगते. सकाळी अकराला राउंडमध्ये ठरलं की याला आज सुट्टी. ताप दोन दिवस नाही, जेवतोय, प्लेटलेट चढताहेत. फाइल ड्युटीरूममध्ये गेली. इंटर्न तेव्हा रक्ताचे नमुने काढत होता. दोनला सिस्टरांची ड्युटी बदलली. रेसिडेंटला कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं, तो खाली गेला. डिस्चार्जच्या कागदावर सही झाली साडेचारला, तोवर औषधाची खिडकी बंद. गावाकडची शेवटची बस गेलेली. त्याने हात जोडून विचारलं, “डाक्टर साब, रात यहीं काट लें?” नाही कसं म्हणणार? त्याच वेळी खाली एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्ट्रेचरवर होती. हातपाय गार, नाडी बारीक. तिला ड्रिप स्ट्रेचरवरच लावली आणि बाटली तिच्या भावाने हातात उंच धरून ठेवली. ती वाचली. पण ते दोन प्रसंग एकाच संध्याकाळचे होते आणि एकमेकांना बांधलेले होते, हे मला त्या रात्री घरी जाताना कळलं. वॉर्डातल्या त्या शेतकऱ्याच्या खाटेचा आणि खालच्या मुलीचा संबंध तोवर आमच्यापैकी कुणी जोडलाच नव्हता.

मग आम्ही एक गोष्ट बदलली. संध्याकाळच्या राउंडलाच ठरवायचं की उद्या कोण घरी जाऊ शकेल, आणि त्याच्या खाटेला पिवळी चिठ्ठी लावायची. त्यांचं रक्त पहाटे सहाला घ्यायचं, राउंड त्यांच्यापासून सुरू करायचा, औषधं आदल्या दिवशीच आणून ठेवायची. वॉर्डाबाहेर पंखा आणि बाकं असलेली एक खोली मिळवली. बरा झालेला रुग्ण कागदांची वाट तिथे बसून बघेल, खाट अकराला मोकळी. चिठ्ठी बघून रुग्णाजवळचे नातेवाईकही घरी फोन करायचे, गावाहून कुणीतरी न्यायला निघायचं. पहिल्या वर्षी रेसिडेंट वैतागले, कारण संध्याकाळचं काम वाढलं. तिसऱ्या वर्षी तेच नव्या मुलांना शिकवत होते.

इंग्लंडमध्ये हाच ताण हिवाळ्यात येतो. कॅज्युअल्टीत आलेल्यांपैकी ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लावायचा, असं लक्ष्य त्यांनी २००४ च्या सुमारास ठेवलं, २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं, आणि पुढे तेही हातचं गेलं. तिथेही एक मोठी अडचण शेवटच्या दाराचीच निघाली: बरे झालेले वृद्ध घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून खाटेवरच राहतात. आपल्याकडे घरी माणसं असतात, पण बस नसते आणि सही नसते.

आता आपल्या गावाकडे येते. ग्वाल्हेर म्हणजे तीन वस्त्या हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल: किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार. जिल्हा रुग्णालय मुरारला आहे, हजिऱ्याला सिव्हिल आहे. पण ताप जरा वाढला की तिन्ही वस्त्यांतली माणसं लष्करातच येतात, कारण १९४६ साली सुरू झालेलं गजरा राजा मेडिकल कॉलेज आणि त्याचं जयारोग्य इथे आहे, बायका-मुलांसाठी कमला राजा इथे आहे, मोठे डॉक्टर इथे आहेत. शिवाय मुरैना, भिंड, दतिया, शिवपुरी, श्योपूर, पलीकडे राजस्थानातलं धौलपूर, उत्तर प्रदेशातून झाशी-इटाव्याकडचे रुग्ण. दतिया आणि शिवपुरीत आता मेडिकल कॉलेजं झाली आहेत, तरी ‘ग्वालियर ले जाओ’ हा सल्ला अजून पहिला असतो. ज्या रुग्णाला ओआरएस, पॅरासिटामॉल आणि रोजची एक रक्ततपासणी पुरली असती तो चाळीस किलोमीटरवरून मुरैन्याहून येतो आणि कॅज्युअल्टीत रांग लावतो. ज्याला खरोखर हलवायला हवं तो मात्र कधी कधी ड्रिपशिवाय भिंडहून ऐंशी किलोमीटर गाडीत घातला जातो. रेफर करण्याआधी एक फोन, बीपी-नाडी लिहिलेली चिठ्ठी आणि चालू ड्रिप, एवढ्या तीन गोष्टी शिस्तीने झाल्या तर रस्त्यात बिघडणारे कितीतरी रुग्ण सावरतात. हा फोन उचलायला मोठ्या रुग्णालयात चोवीस तास एक ठरलेला माणूस हवा. ‘कुणीतरी उचलेल’ म्हणून सोडलं की कुणीच उचलत नाही.

दारातच गर्दी फोडण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तापाची वेगळी ओपीडी, तीही मुरार आणि हजिऱ्यालासुद्धा. पर्चा (केसपेपर) निघताच सिस्टरने नाडी, बीपी बघायचं आणि धोक्याच्या खुणा विचारायच्या: पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गुंगी किंवा बेचैनी. रक्ताचा नमुना डॉक्टर बघण्याआधीच जायला हवा, म्हणजे रुग्ण समोर येतो तेव्हा रिपोर्ट हातात असतो. मग तीन वाटा. खुणा नाहीत, पाणी पितोय, लघवी होतेय, तो घरी. उद्या परत यायची तारीख कागदावर लिहून. खुणा आहेत, किंवा वय जास्त, मधुमेह, गरोदरपण, तो वॉर्डात. हातपाय गार, बीपी पडलेलं, त्याच्यासाठी रांग नाहीच. तुमच्या बाबांना वयामुळे दुसऱ्या वाटेवर पहिल्या अर्ध्या तासात घालायला हवं होतं. पाच तास बसवणं चूकच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही.

प्लेटलेटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या शहरात निम्मी घबराट या एका शब्दाने होते. आकडा लाखाखाली आला की घरचे भरतीचा आग्रह धरतात, पन्नास हजारांवर आला की रक्तपेढीकडे धावतात. खरं तर रक्तस्राव होत नसेल तर साधारण दहा हजारांपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते. डेंग्यूत माणूस जातो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरल्यामुळे, आणि ते कळतं हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावरून. तो नेहमीपेक्षा २० टक्के वाढला की सावध व्हायचं. हे पाझरणं बहुतेकदा ताप उतरताना होतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात तेच दोन दिवस नाजूक. आकड्याच्या भीतीने खाटा भरून गेल्या की ज्याचं पाणी पाझरतंय त्या रुग्णाला जागा उरत नाही. प्लेटलेट साठवूनही ठेवता येत नाहीत: २० ते २४ अंशांत, सतत हलवत ठेवलेली पिशवी पाच दिवस टिकते. त्यामुळे रक्तपेढीची तयारी फ्रिजमध्ये होत नाही, दात्यांच्या यादीत होते. ऑगस्टमध्ये कॉलेजांतून, गणेश मंडळांतून नावं आणि रक्तगट लिहून घेतले असतील तर ऑक्टोबरात फोन लावता येतो.

मग आधी कळतं कसं? सरकारी यंत्रणा आहे. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण चालू आहे, खालपासून आकडे वर जातात. डेंग्यूच्या आयजीएम तपासणीचे किट ठरलेल्या रुग्णालयांना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात. पण पॉझिटिव्ह रिपोर्ट हा मागे राहिलेला आकडा असतो. डास चावल्यावर ताप यायला ४ ते १० दिवस, माणूस डॉक्टरकडे जाईपर्यंत आणखी दोन-तीन, मग रिपोर्ट. रिपोर्ट हातात येतो तेव्हा तो चावा जवळपास दोन आठवडे जुना असतो, आणि तेवढ्यात त्या गल्लीत पुढची फळी तयार असते. म्हणून मी रिपोर्टवर कधी विसंबले नाही. माझ्याकडे एक साधी वही होती, ओपीडीत आलेल्या तापाच्या रुग्णांची, वस्तीप्रमाणे, आठवड्याची एक ओळ. आमच्या गल्लीतले गणपती उठले की मी ती रोज बघायची. एखाद्या मोहल्ल्याची ओळ लागोपाठ दोन आठवडे लांबली की त्या दिवशीच जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या (सीएमएचओ) कार्यालयाला आणि सलाईनच्या साठ्याला कळवायचं. सलाईनची मागणी जुलैत नोंदवली तर सप्टेंबरात पोचते. सप्टेंबरात नोंदवली तर दिवाळीत.

दिवाळीचीच गोष्ट निघाली म्हणून. आपल्याकडे तापाचा चढ दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत असतो आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना घरी जायचं असतं. सिस्टर, वॉर्डबॉय, रेसिडेंट, सगळ्यांना मुलं आहेत, आई-वडील आहेत; त्यांची सुट्टी रद्द करून रुग्णालय चालवायचं हे मला कधीच पटलं नाही. थकलेल्या माणसाच्या हातून डोस चुकतात. आम्ही ऑगस्टमध्येच यादी करायचो, निम्मे लक्ष्मीपूजनापर्यंत, निम्मे भाऊबीजेनंतर. वॉर्डातल्या दोन मुस्लिम सिस्टर दर वर्षी आपणहून त्या चार रात्री घ्यायच्या आणि ईदला आम्ही त्यांच्या. यादी वेळेवर भिंतीवर लागली की भांडणं होत नाहीत, हे इतकं सरळ आहे.

बाकीच्या हंगामांबद्दल थोडक्यात. मे महिन्यात लू, म्हणजे उष्ण वाऱ्याचा तडाखा. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेत १३०० वर जादा मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला: आधी इशारा, पाणपोया, रुग्णालयांत तयारी. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते सगळं लागू पडतं, फक्त बर्फ आणि गार पाण्याचे टब कॅज्युअल्टीतच हवेत, भांडारात नकोत. पावसात कावीळ-जुलाब आणि चंबळच्या पट्ट्यात सर्पदंश. त्याचं प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्रात असलं तरच उपयोग. डिसेंबर-जानेवारीत दमेकरी, हृदयरोगी, पक्षाघात, मुलांचा न्यूमोनिया, तेव्हा खाटांपेक्षा ऑक्सिजन आधी संपतो.

डेंग्यूकडे परत, कारण त्याचं मूळ घराघरांत आहे. ग्वाल्हेरात ते कूलर. तिघरा धरणाचं पाणी एकाआड एक दिवस येतं तेव्हा बादल्या, पिंपं, हौद भरलेले असतात, आणि सप्टेंबरात उकाडा कमी झाला की कूलर बंद होतो पण तळातलं पाणी तसंच राहतं. एडिस डासाची मादी अंडी पाण्याच्या रेघेच्या वर, ओल्या पत्र्याला चिकटवते. पाणी ओतून टाकलं तरी अंडी तिथेच असतात, कोरडी पडूनही महिनेमहिने जगतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासायच्या. एक घर चुकलं तर गल्लीला त्रास होतो, कारण हा डास लांब उडत नाही, शेजारीच जातो.

तुम्ही काय करायचं ते असं. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. बाबांचं काढलेलं नसेल तर आत्ताच काढा, तापात आधार आणि ओटीपी शोधत बसू नका. त्यांच्या रोजच्या गोळ्या एका कागदावर लिहून फ्रिजला लावा. त्यात हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन असेल तर तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, ती चालू ठेवायची की थांबवायची. तापाला फक्त पॅरासिटामॉल, अंगदुखीची दुसरी गोळी नाही. जवळच्या दवाखान्यात पहिल्या दिवसापासून दाखवा. डेंग्यूची रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही, त्यानंतर आयजीएम. तिसऱ्या दिवसापासून रोज रक्त, आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेटच्या शेजारी हिमॅटोक्रिटही बघायला सांगा. वर सांगितलेल्या खुणांपैकी एक जरी दिसली तर रात्रीचे दोन वाजले असोत, १०८ ला फोन करायचा. खुणा नसतील तर सकाळी आठला तापाच्या ओपीडीत. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत दारावरचा क्यूआर मोबाइलने स्कॅन केला की पर्च्याचा टोकन मिळतो, शेजारच्या मुलाला ते आधी शिकवून ठेवा.

दिवाळीला घरी याल तेव्हा बाबांचा कूलर स्वतः उघडा. आतली टाकी चारी कडांनी, वरपर्यंत घासा, जाळ्या उन्हात टाका आणि मगच तो पोत्यात बांधा. ब्रश तारेचा घ्या; आपल्या पाण्याचा चुना साध्या ब्रशने निघत नाही आणि अंडी त्याच्याच खाचांत बसतात.